सरळ पंखांची चिलटं

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरी एवढंच कळवलं गेलं होतं की मुलगी कॉलेजात लॅबमध्ये कामाला आहे. गास या सासरच्या गावी त्या काळी लॅब म्हणजे रक्त आणि लघवी तपासायची जागा. लग्नाला महिना झाला नसेल, शेजारच्या दोघीजणी रिपोर्टचे कागद घेऊन दारात उभ्या. "साखर किती हाय बघ गो जरा." मी म्हटलं, मी माणसांचं काही बघत नाही, चिलटं बघते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कागदांच्या घड्या केल्या आणि चहा न घेताच निघून गेल्या. त्या दिवशी गावाचं माझ्याबद्दल जे मत झालं ते मी निवृत्त होईपर्यंत फारसं सुधारलं नाही.

चिलटं म्हणजे तीच, पिकल्या केळ्यांच्या फणीवर घोंघावणारी. शास्त्रात त्यांना ड्रोसोफिला म्हणतात, आमच्या लॅबमध्ये सगळे माशी म्हणायचे. मी चिलटंच म्हणते. तीस वर्षं ज्यांचं खाणंपिणं केलं त्यांना परक्या नावाने हाक मारणं माझ्याच्याने होत नाही. माझा नवरा पास्कू बागायतदार. वाडीत केळी, दुधी, काकडी. दुधीला डंख मारून आत अंडी घालणारी फळमाशी ही त्याची जन्माची दुश्मन. ती जात वेगळी, आकाराने चांगली मोठी, माझ्या चिलटांशी तिचा फक्त नावापुरता संबंध. पण हे पास्कूला कोण पटवणार? सकाळी तो माश्यांचे सापळे बघायला वाडीत जायचा आणि त्याच वेळी मी माश्यांचा स्वयंपाक करायला कॉलेजात निघायची. "मी मारतो, तू पाळ," म्हणायचा. "असं केल्यावर त्या संपतील कशा?"

आमच्या नाताळ अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगताना एक अट घातली आहे. कधी लागलात, कधी बढती मिळाली हे नको, आत काय चालायचं ते लिहा. म्हणजे स्वयंपाकापासूनच सुरुवात करायला हवी. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, आणि सगळं घट्ट बसावं म्हणून आपण पुडिंगमध्ये घालतो तेच चायना ग्रास. मोठ्या पातेल्यात हे रटरट शिजवायचं, कोमट झालं की बुरशीचं औषध घालायचं आणि काचेच्या नळ्यांत दोन-दोन बोटं ओतायचं. वर कापसाचा बोळा. चिलटं तेच खातात, त्यातच अंडी घालतात. अळ्या त्यातच वाढतात, मग काचेवर चढून कोश करतात आणि दहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. अन्न संपायच्या आत त्यांना नव्या नळीत घालायचं. याला आम्ही 'बदलणं' म्हणायचो. जुनी नळी रबरी चटईवर आपटायची, चिलटं तळाशी पडली की झटकन बोळा काढून ती नव्या नळीवर उपडी करायची, पुन्हा आपटायचं आणि बोळा लावायचा. सांगायला सोपं आहे. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात निम्मी चिलटं स्वतःच्या केसांत घेऊन घरी जातात.

धान्याचं बी डब्यात ठेवता येतं. चिलटं तशी ठेवता येत नाहीत, निदान आमच्यासारख्या लॅबला तरी ते जमत नाही. एखादी जात टिकवायची तर कुणीतरी दर पंधरा-वीस दिवसांनी ती हाताने बदलत राहायला हवी. सण असो, घरात आजारपण असो, दोन आठवडे विसरलात की ती जात गेली. अशा दोनशेहून जास्त जाती माझ्याकडे होत्या. प्रत्येकीचा कागदी पट्टा नळीवर चिकटवलेला आणि प्रत्येकीचं पान माझ्या वहीत.

या कामात काही शब्द असे आहेत की ते चार भिंतींच्या आतच बोललेले बरे. संकर करायचा तर मादी कुमारी लागते, म्हणजे कोशातून बाहेर पडल्यावर काही तासांतच नरांपासून वेगळी काढलेली. एकदा शेअर रिक्षात बसून मी फोनवर आमच्या मॅडमना सांगत होते, "आज सतरा कुमारी मिळाल्या, उरलेल्या उद्या सकाळी उचलते." रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यातला क्रूस बघितला. पुढच्या वळणावर त्याने रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही इथेच उतरा." मी उतरले. त्याला समजावायला गेले असते तर प्रकरण आणखी वाढलं असतं.

आता आमच्या मॅडमचा विषय. सामंत मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. त्या पेशींच्या विभाजनावर काम करत, म्हणजे एका पेशीच्या दोन कशा होतात यावर. मला त्यांनी पहिल्या दिवशी हे असं समजावलं होतं. रेजिना, विळीवर बोट कापलं तर भरून येतं ना? येतं. भरून आल्यावर वाढतच जातं का? नाही, थांबतं. मग वाढ म्हणून कोण सांगतं आणि थांब म्हणून कोण सांगतं? ते सांगणारी जनुकं असतात. माणसात असतात तीच थोड्या फरकाने चिलटातही असतात, आणि चिलट दहा दिवसांत पिढी देतं म्हणून आपण त्याला विचारतो.

मला हे इतकं आवडलं की मी ते दिसेल त्याला सांगत सुटले. बाजारात माझी नेहमीची कोळीण होती, हिराबाय. तिलाही बोंबील निवडता निवडता सांगितलं. तिचा हात थांबला. म्हणाली, "म्हंजे माझ्या बहिनीच्या गाठीला थांब म्हनून कोनी सांगितलंच नाय." मी म्हटलं, तसंच काहीसं. "मग तुमी सांगा की. तुमी त्याच खात्यात हाव ना?" आम्ही अजून फक्त विचारतोय, सांगता आम्हाला येत नाही, असं काहीतरी पुटपुटले. तिने बोंबील पिशवीत घातले आणि वर दोन जास्त टाकले. ते का टाकले ते मला आजही कळलेलं नाही, पण त्यानंतर मी हे काम नुसतं नोकरी म्हणून करू शकले नाही.

ज्या जातीची गोष्ट मला सांगायची आहे तिचं नाव प्र-१७. ती प्रतिभाची.

प्रतिभा म्हणजे आमची पीएच.डी. करणारी मुलगी. चिंचोटीच्या बाजूची, घरी भातशेती. पावसाळ्यात धबधब्यावर येणाऱ्या गाड्यांनी तिचा रस्ता अडायचा आणि ती लॅबमध्ये उशिरा यायची. उरलेले आठ महिने ती कशामुळे उशिरा यायची ते तिलाच ठाऊक. डोक्याने तल्लख, हाताने अघळपघळ. फोन कानाला लावून बोळे लावायची, तेही सैल. मी मागून जाऊन घट्ट करायची आणि तिला ऐकू जाईल इतपत उसासा टाकायची. "मावशी, बोळा नाय, तुम्ही माझा गळाच आवळताय," असं हसत म्हणायची. मला ती मुलगी मनापासून आवडायची, आणि तिचं काम करणं तितकंच मनापासून आवडायचं नाही.

तिने तीन वर्षं खपून, पेशीला 'आता दोन हो' असं सांगणाऱ्या एका जनुकात एक नवा बिघाड शोधून काढला होता. तो फक्त आमच्याकडे होता, प्र-१७ च्या नळ्यांत. त्यावरचे शेवटचे प्रयोग व्हायचे होते. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती.

असा बिघाड सांभाळायची एक युक्ती असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची आणि एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर पिल्लू अंड्यातच संपतं, कारण पेशी पुढे दोन होतच नाहीत. एकच बिघडलेली असेल तर ते जगतं. पण मग हळूहळू चांगली प्रत बिघडलेलीला हुसकावून लावते आणि दहा-बारा पिढ्यांत बिघाड हरवून जातो. म्हणून चांगल्या प्रतीला एक खूण जोडून द्यायची, कुरळ्या पंखांची. ही खूण दोन्हीकडून आली तरीही पिल्लू मरतं. म्हणजे जगतात ती फक्त एका बाजूने बिघाड आणि एका बाजूने खूण असलेली. नळीतलं प्रत्येक चिलट कुरळ्या पंखांचं दिसलं की समजायचं, बिघाड सुखरूप आहे. सरळ पंखांचं दिसलं तर बाहेरचं चिलट शिरलं. नळी बाद.

प्रत्येक जातीचे दोन संच ठेवायचे हा आमचा नियम. एक पंचवीस अंशांच्या खोलीत, एक अठरा अंशांच्या थंड पेटीत. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास उबेच्या खोलीत माइट शिरले. माइट म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा पांढरा किडा, अंडी खाऊन टाकतो. प्र-१७ सकट त्या खोलीतल्या बऱ्याच नळ्या जाळाव्या लागल्या. थंड पेटीतून नवा संच काढायचा होता. ते काम माझं. इतर जातींचे संच मी काढले, प्र-१७ चा राहिला. म्हटलं, नाताळ होऊ दे, मग करू.

नाताळच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी मी पेटीतल्या सगळ्या नळ्या बाहेर काढून टेबलावर मांडल्या. प्र-१७ च्या चार नळ्या होत्या. एक उचलून उजेडात धरली. सरळ पंख. एक नाही, दोन नाही, निम्म्याहून जास्त. दुसरी नळी, तेच. चारही तशाच. सुटीच्या आधी त्या नळ्या प्रतिभाने बदलल्या होत्या.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागात थोडं समाधानही होतं. किती दिवस सांगत होते, बोळे घट्ट लाव. प्रतिभा नेमकी तेव्हाच आत आली. लॅबमध्ये मॅडम होत्या, दोन संशोधक मुलं, एम.एस्सी.च्या दोघी आणि आमचा शिपाई. या सहा जणांसमोर मी तिला बोलले. बाहेरची चिलटं घुसली, तीन वर्षांचं काम मातीत घातलंस, तुझ्या त्या सैल बोळ्यांनी. तुझ्या घरची कणगी असती तर अशी उघडी टाकली असतीस का, असंही म्हणाले. प्रतिभा टेबलापाशी आली. नळी हातात घेऊन बघितली, परत ठेवली आणि बाहेर गेली.

आता बाद नळ्यांचं काय करायचं तेही नियमाने ठरलेलं. उडती चिलटं तेलाच्या बरणीत. मी चारही नळ्या बरणीत झटकल्या. अळ्या आणि कोश नळीतच राहतात, त्यांच्यासाठी नळ्या फ्रीझरमध्ये टाकायच्या. पण फ्रीझर सुटीत बंद पडला होता. परक्या चिलटांची पिल्लं लॅबमध्ये ठेवायची नाहीत म्हणून मी बोळे घट्ट लावून नळ्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून मागच्या अंगणात चुलीवर तापतं. पास्कूला पिशवी दिली आणि म्हटलं, यावर उकळतं पाणी ओत. त्याला माश्या मारायचं काम मी आयुष्यात पहिल्यांदाच देत होते. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा माझ्याआधी लॅबमध्ये हजर होती. डोळे सुजलेले. टेबलाच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "मावशी, त्या नळ्या पेटीतून काढल्या काढल्याच बघितल्या होत्या ना तुम्ही?"

"हो. मग?"

"अठरा अंशांतून?"

माझी नजर तिच्या खांद्यावरून पेटीच्या दाराकडे गेली होती. दारावर एक कागद चिकटवलेला आहे, कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर माझं. 'थंडीत वाढलेल्या चिलटांचे कुरळे पंख सरळ दिसतात. पेटीतल्या नळ्यांचे पंख पाहू नयेत. आधी एक पिढी उबेत काढावी, मग पाहावेत.' नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी या कागदासमोर उभं करून तो मोठ्याने वाचायला लावायची. प्रतिभालाही लावला होता.

कसं विसरले? आजही सांगता येत नाही. वय म्हणावं तर बाकी सगळं लख्ख आठवत होतं. मला वाटतं, मी तिची चूक शोधायला बसले होते आणि तीच मला दिसली. त्या नळ्या दुसऱ्या कुणी बदललेल्या असत्या तर मी थांबले असते.

"पिशवी कुठंय?" प्रतिभाने विचारलं. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"पास्कू, काल दिलेली पिशवी. पाणी ओतलंस?"

"कसली पिशवी?"

"नळ्यांची!"

"ती होय." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "काल पावने आले ना, राहिलं. आता ओततो. चुलीवर ठेवलंय, आधन आलंच."

"हात लावू नको!" त्या व्हरांड्यात मी तीस वर्षांत कधी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. वर्गातून दोन प्राध्यापक बाहेर आले.

आम्ही दोघी रिक्षाने गासला निघालो. पाहुण्यांच्या मुलांनी काचेला हात लावू नये म्हणून पास्कूने पिशवी केळी पिकत घालायच्या खोलीत ठेवली होती. तिथे ऐन थंडीतही ऊब असते. आणि तिथे चिलटं असतात, हजारोंनी, सगळी मोकाट, सरळ पंखांची. दार उघडल्यावर प्रतिभाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी अंगणात आणली. दोन नळ्यांतलं अन्न पातळ होऊन कोश त्यात बुडाले होते. तिसरीत बुरशी. चौथीत मात्र काचेवर कोश होते, आणि रात्रीत दोन चिलटं बाहेर आली होती.

मी पर्समधलं भिंग काढून बघितलं. दोन्हींचे पंख सरळ.

मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, पण ते खोडायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिचं तीन वर्षांचं काम गेलं असं दिसत होतं आणि मला बरं वाटलं, कारण मग मी चुकले नव्हते. मी तिला म्हणालेसुद्धा, "बघ. परकीच आहेत."

प्रतिभाने भिंग माझ्या हातातून घेतलं. घाईत आणि रागात तिची चिंचोटीची बोली बाहेर यायची. "ही थंडीतच तयार झाली व्हती, मावशी. उबेत एकच रात्र काढली. यांचं काय बघायचं? मागून येनारी बघायची." मग चुलीपाशी उभ्या असलेल्या पास्कूला म्हणाली, "काका, ते पानी उतरवून ठेवा आधी."

नळी तिने छातीशी धरून परत नेली. थंडीतली ती दोन चिलटं काढून टाकली, नळी उबेच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवली आणि शेजारी कागद लावला, 'प्रतिभाशिवाय कुणीही हात लावू नये.' त्या खोलीत तिच्याशिवाय फक्त मीच जायची.

नुकत्याच झालेल्या कोशांतून चिलटं यायला तीन दिवस लागणार होते. उबेत तयार झालेल्या चिलटांचे पंख कुरळे निघाले तर प्र-१७ सुखरूप, प्रतिभाचा प्रबंध सुखरूप, आणि चूक माझी, तीही अशी की पहिल्या वर्षाच्या मुलाने करू नये. सरळ निघाले तर तिचं सगळं गेलं आणि मी बरोबर. पाच महिन्यांनी मी निवृत्त होणार होते. माझ्या हातून एकही जात कधी गेली नाही, असं मॅडम निरोप समारंभात म्हणतील हे मी मनात कितीदा ऐकलं होतं.

संध्याकाळी घरी रोझरीची माळ घेऊन प्रार्थनेला बसले तर काय मागावं ते कळेना. पहिल्या दिवशी मागितलं, जे खरं असेल ते दिसू दे. मागून झाल्यावर माझं मलाच कळलं की हा पळपुटेपणा आहे, मनातून मला सरळच पंख हवे होते. दुसऱ्या दिवशी मणी हातात तसेच राहिले. पास्कूने विचारलं तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, बरं वाटल्याचंही.

"पीक कुनाचं?" त्याने विचारलं.

"तिचं."

"तू राखनीला होतीस ना? मग यात तुझं काय मधेच?" एवढं बोलून तो कोंबड्या झाकायला गेला.

माणूस आयुष्यभर सापळे लावत बसला तरी पिकाचं त्याला कळतं. मी परत बसले आणि कुरळे पंख मागितले. नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत. आमच्या घरातल्या मारियेच्या तसबिरीसमोर चिलटाच्या पंखांसाठी यापूर्वी कुणी गुडघे टेकले असतील असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. प्रतिभाने चिलटांना ईथरने गुंगवलं, पांढऱ्या चकतीवर ओतलं आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. ब्रशने एकेक सरकवत होती. मी तिच्या पाठीकडे बघत उभी होते. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना. ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली.

पहिलं कुरळं. दुसरं कुरळं. मी ब्रश घेऊन मोजत गेले. एकोणीस होती. नर होते, माद्या होत्या, एकूण एक कुरळी, जणू कुणी एकेक पंख काडीवर गुंडाळून सोडला होता. केळ्यांच्या खोलीतलं एकही चिलट आत शिरलं नव्हतं. नर-मादी दोन्ही होती, म्हणजे जात वाचली होती. मला इतका आनंद झाला की त्यात माझी चूक सिद्ध झाली आहे हे आठवायलाच थोडा वेळ गेला.

"चूक माझी होती," मी तिला म्हणाले. ती डोळे पुसून चिलटं नव्या नळीत घालायला लागली.

पण तिला बोलले होते मी सहा जणांसमोर. मग एकटीला सांगून कसं चालेल? दुपारी सगळ्यांना बोलवायला गेले तर आमचा शिपाई रजेवर होता. मी चार दिवस थांबले. तो आला त्या दिवशी सहाही जणांना लॅबमध्ये उभं केलं आणि सांगितलं की प्र-१७ मध्ये परकी चिलटं नव्हती, पेटीवरचा नियम मी स्वतः मोडला, आणि प्रतिभाच्या बोळ्यांबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. दुसरा संच काढायचं काम मी टाळलं होतं तेही सांगितलं. मॅडमना काहीतरी बोलायचं होतं, मी त्यांना बोलू दिलं नाही. मग वहीत प्र-१७ च्या पानावर तारीख घालून लिहिलं, 'चुकीने बाद केली. रेजिना.' माझ्या वहीतली ती एकच नोंद अशी आहे.

त्यानंतर प्रतिभा माझ्याशी नीट वागायची, अगदी नीट. हसायची नाही. तिच्या नळ्या ती स्वतः बदलायची, आणि बोळे इतके घट्ट लावायची की मला काढायला कष्ट पडले असते. मला त्याचं वाईट वाटायचं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाल्यावरची एक दुपार. प्र-१७ च्या आता दोन्ही संच मिळून बारा नळ्या झाल्या होत्या. मी माझ्या टेबलावर दुसऱ्या जाती बदलत बसले होते. प्रतिभा समोर येऊन उभी राहिली.

"मावशी, एक विचारू? त्या तीन दिवसांत तुम्ही काय मागत होतात? कुरळे की सरळ?"

खोटं बोलायची संधी चांगली होती. मी म्हटलं, "आधी सरळ. नंतर कुरळे."

"नंतर म्हंजे कधी?"

"दुसऱ्या रात्रीपासून."

मला वाटलं आता ही कायमची गेली. "मी पन," ती म्हणाली. "पहिल्या रात्री मला वाटलं, सरळच निघू देत. सगळं संपू दे एकदाचं, आनि सुटू दे मला यातून." मग तिने हातातला स्टँड माझ्यासमोर ठेवला. त्यात प्र-१७ च्या सहा नळ्या होत्या, आणि सहा रिकाम्या, ताज्या अन्नाच्या.

"माझी बस आहे," म्हणाली. "एवढ्या तुम्ही बदला."

ती गेली. मी चष्मा पुसला, रबरी चटई पुढे ओढली आणि पहिली नळी हातात घेतली.